पैसे कटले पण पोचले नाहीत, मग रोजचे 100 रुपये कुठं गेले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर महिन्याच्या सुरुवातीला तुमच्या पेपरात एक बातमी असतेच, यूपीआयचा नवा विक्रम. ऑगस्ट 2025 मध्ये तर एका महिन्यात 2000 कोटींच्या वर व्यवहार झाले. वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू, एप्रिल 2016 मध्ये हे सुरू झालं तेव्हा आमच्या बार्शीत भाजीवाली मावशी पण स्कॅनर लावून बसेल असं कुणाला वाटलं होतं. पण माझं दुकान झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं आहे, त्यामुळं जे व्यवहार होत नाहीत ते माझ्या काउंटरवर जास्त येतात आणि त्यांची बातमी काही कधी येत नाही. नुसता हजारात एक अडकला असं धरा, तरी 2000 कोटींत ते 2 कोटी झाले, एका महिन्यात! आणि त्या प्रत्येकामागे कुणीतरी मोबाईल हातात धरून "ताई आता काय करू, पैसे तर कटले" म्हणत उभं असतंय.

पेमेंट फेल होतं याची माझी तक्रार नाही. लाइट जाते, एसटी बंद पडते, तसं हे पण होणार. माझी तक्रार अशी की फेल का झालं आणि पैसे आत्ता नेमके कुठं आहेत हे त्या माणसाला त्याच्या भाषेत कुणी सांगत नाही, आणि उशीर झाला की दिवसाला 100 रुपयांची जी भरपाई न मागता त्याच्या खात्यात पडायला पाहिजे तिचं कुणी नावच काढत नाही. सगळ्याला एकच उत्तर, "सर्व्हर डाऊन आहे". दुकानदार तेच म्हणतो, बँकेतला क्लार्क तेच म्हणतो, आता गिऱ्हाईक पण तेच म्हणायला लागलंय.

खरं तर सर्व्हर डाऊन असणं हे त्यातलं एक कारण आहे आणि ते सुद्धा रोजचं नाही. आपण स्कॅन करून पिन टाकला की काय होतं ते बघा. आपल्या ॲपच्या मागे एक बँक असते, ती निरोप पाठवते एनपीसीआयकडे म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, तिथून निरोप जातो आपल्या बँकेला की या खात्यातून एवढे पैसे काढा, आपली बँक पिन बघते, बॅलन्स बघते, लिमिट बघते आणि पैसे काढते, मग एनपीसीआय समोरच्याच्या बँकेला सांगते की एवढे जमा करा, ती जमा करून "झालं" म्हणते आणि मग आपल्या फोनवर हिरवी टिक येते आणि दुकानातला साउंडबॉक्स बोलतो. हे सगळं दोन-चार सेकंदात. आता यातल्या कुठल्याही टप्प्यावर उत्तर यायला उशीर झाला तर व्यवहार लटकतो. आपल्या बँकेनं पैसे काढायच्या आधीच अडकलं तर काही नुकसान नाही, पैसे खात्यातच असतात. भानगड तेव्हा होते जेव्हा आपल्या बँकेनं पैसे काढले आणि समोरच्या बँकेनं उत्तरच दिलं नाही. जमा झाले का नाही हे तेव्हा एनपीसीआयला पण ठाऊक नसतं, म्हणून ॲप म्हणतं पेंडिंग. हे पेंडिंग म्हणजे फेल नव्हे. थोड्या वेळानं किंवा बँकांचा हिशेब जुळवला की एक तर पैसे पुढं जातात नाहीतर मागं येतात. पण हे कुणाला माहीत नसतं, मागं लाइन लागलेली असते, दुकानदार म्हणतो "आला नाही आवाज, परत मारा", आपण परत मारतो आणि संध्याकाळी बघतो तर दोनदा गेलेत!

परत परत बटण दाबून काय होतं त्याचं मोठं उदाहरण देते. 12 एप्रिल 2025 ला, शनिवार होता, देशभर यूपीआय काही तास झोपलं होतं, त्याच्या आधी 26 मार्चला पण तसंच झालं होतं. 12 एप्रिलबद्दल नंतर जे बाहेर आलं ते असं की काही बँकांकडून "या व्यवहाराचं काय झालं, या व्यवहाराचं काय झालं" अशी विचारणा एवढी धडाधड आली की त्यातच सगळं तुंबलं. म्हणजे पैसे पाठवणारे बाजूला राहिले आणि चौकशी करणाऱ्यांनीच रस्ता अडवला. म्हणून 1 ऑगस्ट 2025 पासून नियम आला की अडकलेल्या व्यवहाराची चौकशी तीनदाच, आणि दोन चौकश्यांमध्ये 90 सेकंद जाऊ द्यायचे, बॅलन्स पण एका ॲपवर दिवसाला 50 वेळाच बघता येणार. लोक चिडले, पण मला तरी हे बरोबर वाटलं. दिवसात 50 वेळा बॅलन्स बघून तो वाढत असता तर गोष्ट वेगळी.

तर हा झाला यंत्रणेचा दोष, बँकवाले याला टेक्निकल डिक्लाइन म्हणतात. दुसरा प्रकार बिझनेस डिक्लाइन. यात यंत्रणा ठणठणीत असते, बँकेनं नीट बघूनच नाही म्हटलेलं असतं. पिन चुकला, बॅलन्स नाही, लिमिट संपली, केवायसी राहिली, खातं बंद पडलंय. माझ्या काउंटरवर जे येतं त्यात हेच जास्त. आणि गंमत म्हणजे बँकेकडं याचं नेमकं कारण कोडसकट असतं. झेड नाइन म्हणजे बॅलन्स कमी, झेड एम म्हणजे पिन चुकला, झेड सिक्स म्हणजे पिन जास्त वेळा चुकला, झेड एट म्हणजे एका वेळच्या लिमिटच्या वर गेलात. एवढं सगळं कळत असताना स्क्रीनवर काय येतं तर "समथिंग वेंट राँग". अरे काय राँग ते सांगा की! ज्याचा पिन चुकलाय तो सर्व्हर यायची वाट बघत बसतो आणि ज्याचा सर्व्हर गेलाय तो पिन बदलत बसतो.

एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. एका भरतीचा फॉर्म, शेवटची तारीख, संध्याकाळची वेळ. मुलगी आणि तिचे वडील आलेले, वैरागच्या बाजूचे. फॉर्म सगळा भरून झाला, फोटो सही अपलोड झाली, फी भरायला वडलांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं डेबिट कार्ड काढलं. नंबर टाकला, मागचे तीन आकडे टाकले, गोल गोल फिरलं आणि आलं "डिक्लाइन्ड बाय इश्युअर", म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेनंच नाही म्हटलं. परत टाकलं, परत तेच. वडील म्हणाले, "ताई, पैशे हायेत की खात्यात, कालच डेअरीचं बिल पडलंय." पोरगी रडकुंडीला आलेली. मी विचारलं काका हे कार्ड ऑनलाइन कधी वापरलंय का, तर म्हणाले, "न्हाय, पर एटीएमला चालतंय की."

तिथंच तर मेख आहे. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2020 मध्ये सगळ्या बँकांना सांगितलं की नवीन कार्ड देताना ते फक्त देशातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला चालेल असंच द्यायचं, ऑनलाइनचं बटण गिऱ्हाइकानं स्वतः चालू करायचं, आणि जुनं कार्ड कधी ऑनलाइन वापरलंच नसेल तर त्याचं ऑनलाइन बंद करायचं. ऑक्टोबर 2020 पासून हे लागू आहे. नियम चांगलाच आहे, कार्डावरचा नंबर चोरून कुणी खरेदी केली तर यानं अडतं. पण कार्ड हातात देताना हे त्या काकांना सांगायचं कुणी? ते बटण बँकेच्या ॲपमध्ये असतं, नेट बँकिंगमध्ये असतं, एटीएमवर आणि फोनवरून पण ती सोय द्यायला सांगितलेली आहे. काकांकडं ॲप नव्हतं, साधा फोन. ते एटीएमला पळाले, तिथं मशीनवर इंग्रजीत आठ-दहा पर्याय, त्यातलं नेमकं कुठलं दाबायचं कळेना, शेवटी मुलीच्या मामानं सोलापुरातून क्यूआरचा फोटो मागवून फी भरली. "इश्युअरनं डिक्लाइन केलं" या ऐवजी "तुमच्या कार्डाची ऑनलाइन सेवा बंद आहे, एटीएमवर जाऊन चालू करा" असं मराठीत एक वाक्य आलं असतं तर एवढी पळापळ झाली नसती. एक वाक्य लिहायला बँकेला किती खर्च येतो?

आता बाकीची कारणं पटापट सांगते. नवीन फोन घेतला किंवा सिम बदललं की यूपीआय परत जोडावं लागतं आणि त्यासाठी बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून एक एसएमएस जातो, पण रिचार्ज संपलेला असला, घरी वायफाय आहे म्हणून कुणी केलाच नसला, तर तो एसएमएस जात नाही आणि ॲप नुसतं "व्हेरिफिकेशन फेल" म्हणत राहतं. दोन सिम असतील तर कुठलं सिम निवडलंय ते बघा, माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांचं तिथंच चुकलेलं असतं. नवीन जोडल्यावर पहिल्या दिवसात बऱ्याच बँका 5000 च्या वर जाऊ देत नाहीत, ती फसवणुकीसाठीची काळजी आहे, तिथं भांडून उपयोग नाही. नेहमीच्या व्यवहाराची दिवसाची वरची मर्यादा 1 लाख, पण तुमच्या बँकेनं स्वतःची कमी ठेवलेली असू शकते. खात्यात दोन वर्षं काहीच उलाढाल नसेल तर खातं इनऑपरेटिव्ह होतं. आणि एक खास आपल्या मजूर लोकांचं, पुरी कागदपत्रं न देता उघडलेलं जे "स्मॉल अकाउंट" असतं त्यातून महिन्याला 10000 च्या वर काढता येत नाही आणि बॅलन्स 50000 च्या वर ठेवता येत नाही. ऊसतोडीची उचल अशा खात्यावर आली की काय होतं ते विचारू नका. पैसे दिसतात, निघत नाहीत, आणि त्याला कळत नाही की नुसती पूर्ण केवायसी केली की हे सुटणार आहे.

सहकारी बँकांचं वेगळं लिहायला पाहिजे कारण आपल्या महाराष्ट्रात त्यांचं जाळं मोठं आहे, जिल्हा बँक, नागरी बँक, पगार तिथं, ठेव तिथं, पीक कर्ज तिथं. यातल्या कितीतरी बँकांची स्वतःची एवढी मोठी यंत्रणा नसते, त्या कुणा दुसऱ्याची भाड्यानं घेतात, आणि एकच कंपनी शेकडो बँकांना ती पुरवते. 31 जुलै 2024 ला काय झालं आठवतंय का, सी-एज टेक्नॉलॉजीज नावाच्या अशाच कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे कॉम्प्युटर अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाला, आणि तो पसरू नये म्हणून एनपीसीआयनं तिला बाजूला काढलं. झालं, देशभरातल्या जवळपास 300 छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या खातेदारांचं यूपीआय एका झटक्यात बंद. दुसऱ्या दिवशी जोडणी परत चालू झाली, पण तोपर्यंत खातेदारांना काय सांगितलं गेलं? तेच, सर्व्हर डाऊन. माझं स्वतःचं खातं एका छोट्या बँकेत आहे, बँकेचं नाव घेत नाही कारण माणसं चांगली आहेत, पण त्या दिवसापासून मी दुसऱ्या बँकेतलं खातं पण ॲपला जोडून ठेवलंय. तुम्ही पण ठेवा. ॲप दोन ठेवून काही फायदा नाही जर दोन्हीच्या मागं खातं एकच असेल तर, हे लोकांच्या लक्षात येत नाही. तुमचीच बँक बंद आहे म्हटल्यावर ॲप बदलून काय होणार.

मोठ्या बँका काय धुतल्या तांदळाच्या आहेत असं नाही. डिसेंबर 2020 मध्ये वारंवार यंत्रणा बंद पडते म्हणून रिझर्व्ह बँकेनं एचडीएफसी बँकेला नवीन डिजिटल सेवा आणि नवीन क्रेडिट कार्ड द्यायला मनाई केली होती, ती पूर्ण उठायला मार्च 2022 उजाडलं. म्हणजे दट्ट्या लावता येतो, लावला की यंत्रणा सुधारतात पण.

आता माझ्या धंद्याचा विषय, ऑनलाइन फॉर्मची फी. यात यूपीआयच्या सगळ्या भानगडी तर आहेतच, वर पेमेंट गेटवेची, म्हणजे वेबसाइटसाठी पैसे घेणाऱ्या मधल्या कंपनीची, एक कडी जास्त आहे. पैसे कटले, बँकेचा मेसेज आला, पण गेटवेकडून वेबसाइटला "पैसे मिळाले" हा निरोप पोचलाच नाही तर फॉर्मवर "अनपेड" दिसतं. हे कशामुळं होतं तर क्यूआर स्कॅन करायला आपण दुसरा फोन शोधतो तोवर पानाची वेळ संपते, किंवा यूपीआय ॲपमधून परत ब्राउझरवर येताना पान नव्यानं उघडतं, किंवा पोरं घाबरून बॅकचं बटण दाबतात. गोल फिरत असताना हात लावायचा नाही, बॅक नाही, रिफ्रेश नाही, हे मी काउंटरवर काचेला कागदच चिकटवून ठेवलाय. अनपेड दिसलं की लगेच दुसऱ्यांदा फी भरू नका. अर्धा-पाऊण तास थांबा, बाहेर पडून परत लॉगिन करा, बऱ्याच वेबसाइटवर पेमेंटचं स्टेटस तपासायचं बटण असतं ते दाबा, पुष्कळदा तेवढ्यानं पावती निघते. बँकेच्या मेसेजमधला 12 आकडी रेफरन्स नंबर लिहून ठेवा, नुसत्या स्क्रीनशॉटवर विश्वास नको, त्यात कधी कधी तो नंबरच आलेला नसतो.

पण शेवटच्या तारखेला अर्धा तास थांबणार कोण? रात्री 11.59 ला फॉर्म बंद होतो, आणि बऱ्याच बँका आपली देखभालीची कामं रात्रीच काढतात! पोरं दोनदा, तीनदा फी भरतात. मग बँक म्हणते "आमच्याकडून व्यवहार सक्सेसफुल आहे, वेबसाइटवाल्याला विचारा", वेबसाइटवाल्याची हेल्पलाइन म्हणते "आमच्याकडं पैसे आले नाहीत, बँकेला विचारा". या दोघांच्या मधे 900-1000 रुपये गेलेलं पोरगं, ज्याच्या आईनं ते उसने आणलेले असतात. माझी भरती घेणाऱ्या सगळ्या खात्यांना, मंडळांना आणि विद्यापीठांना हात जोडून विनंती आहे की फीच्या बाबतीत पैसे खात्यातून ज्या वेळी कटले ती वेळ धरा, तुमच्याकडं निरोप कधी पोचला ती नको. फॉर्म भरायची मुदत आणि फी भरायची मुदत यात दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा, काही ठिकाणी तसं ठेवतात आणि तिथं बोंब कमी असते हे मी डोळ्यानं बघते.

आता ज्या गोष्टीसाठी खरं हे पत्र लिहायला घेतलं ती. रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं एक परिपत्रक आहे, 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू. त्यात लिहिलंय की यूपीआयनं एकानं दुसऱ्याला पैसे पाठवले, कटले पण समोरच्याला पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत. दुकानदाराला किंवा वेबसाइटला दिले आणि तिकडं कन्फर्मेशन गेलं नाही तर पाच दिवसांत. एटीएममधून नोट निघाली नाही आणि खात्यातून कट झाले तरी पाचच दिवस. आणि त्याच्या पुढं जेवढे दिवस उशीर होईल त्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई! म्हणजे सोमवारी भावाला पाठवलेले पैसे अडकले तर मंगळवारपर्यंत परत यायला पाहिजेत, ते पुढच्या सोमवारी आले तर सहा दिवस उशीर, 600 रुपये. दिवस कॅलेंडरचे मोजायचे, बँकेची सुट्टी, रविवार वगैरे सबब चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या परिपत्रकात स्पष्ट आहे की ही भरपाई गिऱ्हाइकाच्या तक्रारीची वाट न बघता बँकेनं स्वतःहून जमा करायची.

स्वतःहून! मी दुकानात येणाऱ्या लोकांना विचारत असते, काका तुमचे ते अडकलेले पैसे आले का, तर आले म्हणतात, दहा-बारा दिवसांनी आले. वर काही पडले का विचारलं तर माझ्याकडंच संशयानं बघतात. असा नियम आहे हेच माहीत नाही. मी एकदा एका आजींबरोबर बँकेत गेले होते, एटीएमचे पैसे अडकलेले, तिथल्या साहेबांना या परिपत्रकाबद्दल विचारलं तर ते हसले आणि म्हणाले "मॅडम सात ते दहा वर्किंग डेज थांबा". वर्किंग डेज हा शब्द त्या कागदात कुठं आहे? खिडकीवर मुदत ठेवीचे व्याजदर लावता, विम्याचे पोस्टर लावता, त्याच्या शेजारी हे चार ओळीत मराठीत लावायला काय हरकत आहे? कर्जाचा हप्ता एक दिवस चुकला की बाउन्स चार्ज आपोआप कटतोच ना, तिथं तक्रारीची वाट कोण बघतं.

हे फक्त फेल झालेल्या व्यवहाराला आहे हं. तुम्ही चुकीच्या नंबरला पैसे पाठवले तर तो व्यवहार यशस्वीच झालेला असतो, त्याला 100 रुपयांचा नियम लागत नाही, तिथं लगेच आपल्या बँकेला कळवायचं आणि समोरच्याच्या चांगुलपणावर पण थोडं सोडायचं. पिन चुकला, बॅलन्स नव्हता यालाही लागत नाही, कारण पैसे गेलेलेच नसतात.

तक्रार करायची तर आधी ॲपमध्ये त्याच व्यवहारावर बोट ठेवून तक्रारीचा पर्याय असतो तो वापरा, तिथला तक्रार क्रमांक घ्या. त्याबरोबर आपल्या बँकेला लेखी द्या, ईमेल असेल तर ईमेल, नसेल तर कागद देऊन पोच घ्या, त्यात 12 आकडी नंबर आणि तारीख, आणि एक ओळ टाका की 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे भरपाई पण जमा करावी. ती ओळ वाचली की उत्तर देणाऱ्याची भाषा बदलते असा माझा अनुभव आहे. एनपीसीआयच्या वेबसाइटवर पण तक्रार टाकता येते. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जायचं, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, ऑनलाइन तक्रार टाकता येते आणि माहितीसाठी 14448 ला फोन करता येतो.

एकच करू नका, गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका. अडकलेले 500 परत मिळवायला गेलेल्या माणसाचे 40 हजार गेलेले मी बघितलेत. तो पलीकडचा माणूस गोड हिंदीत बोलतो, एक ॲप टाकायला लावतो ज्यातून तुमची स्क्रीन त्याला दिसते, आणि रिफंडसाठी पिन टाका म्हणतो. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. लागला तर पैसे चाललेत. असं झालंच तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, तिथं जेवढा वेळ जाईल तेवढे पैसे पुढच्या पुढच्या खात्यात पांगत जातात.

छोट्या पैशांसाठी मी सगळ्यांना यूपीआय लाइट चालू करून देते. त्यात आधी 5000 पर्यंत टाकून ठेवायचे आणि 1000 पर्यंतचं पेमेंट बिनापिनचं होतं, दर वेळी बँकेच्या मुख्य यंत्रणेचं दार वाजवावं लागत नाही, म्हणून चहा, भाजी, रिक्षा यात अडकायचं प्रमाण पुष्कळ कमी. पासबुकवर 10-20 रुपयांच्या एन्ट्र्यांची रांग पण लागत नाही. फोन हरवला तर लाइटमधले पैसे जाऊ शकतात एवढं लक्षात ठेवून कमीच टाका, हजारभर. बँकांनीच याचा प्रचार करायला पाहिजे, त्यांच्याच यंत्रणेवरचा भार उतरतोय, पण शाखेत कुणाला विचारलं तर "ते ॲपचं आहे, आमचं नाही".

बँकांची पण एक बाजू आहे, ती पण लिहिते. जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून काही कापता येत नाही, म्हणजे एवढे कोट्यवधी व्यवहार फुकट चालवायचे आणि सर्व्हर मात्र स्वतःच्या खर्चानं वाढवायचे. सरकार थोडं अनुदान देतं, बँका म्हणतात पुरत नाही. हिशेब त्यांचा अगदीच चूक नाही. पण रोकड मोजायचा, एटीएममध्ये नोटा भरायचा, काउंटरवर माणसं बसवायचा बँकांचा खर्च यूपीआयमुळं कमी झालाच ना, तो धरा आधी. आणि मोठ्या मॉलकडून काही घ्यायचं तर घ्या, आमच्या चहावाल्याला आणि झेरॉक्सवाल्यांना त्यात ओढू नका, दोन रुपयांच्या झेरॉक्समध्ये कापायला आहे काय.

संपादक साहेब, आता एक काम तुमच्यासाठी. एनपीसीआय दर महिन्याला स्वतःच्या वेबसाइटवर मोठ्या बँकांची यादी टाकते, कुठल्या बँकेचे किती व्यवहार झाले, त्यात किती टक्के बिझनेस डिक्लाइन आणि किती टेक्निकल डिक्लाइन. सगळं उघड आहे, पण इंग्रजीत, आणि आमच्यासारखं कोण जाऊन बघणार. तुम्ही रोज सोन्याचा भाव छापता, सोलापूर बाजार समितीतले कांद्याचे भाव छापता, तर महिन्यातून एकदा एका कोपऱ्यात या यादीतल्या महाराष्ट्रात शाखा असलेल्या बँका छापा. कुठली बँक यंत्रणेमुळं किती वेळा नाही म्हणते हे खातेदाराला कळू द्या, मग बघा शाखेतली उत्तरं कशी बदलतात. विक्रमाची बातमी पण छापा, त्याच्या खाली ही चौकट टाका. पहिल्यांदा छापलीत की मी तिची झेरॉक्स काढून दुकानाच्या काचेला लावते, माझ्या खर्चानं.

आपली नेहमीची वाचक,
झेरॉक्स व ऑनलाइन फॉर्मवाली,
बार्शी, जि. सोलापूर

ता. क. – फोनचं घड्याळ हातानं मागं-पुढं केलेलं असेल तर पुष्कळ बँकेची ॲपं उघडतच नाहीत आणि कारण पण सांगत नाहीत. मुलं गेमसाठी तारीख बदलतात आणि आई-बाप बँकेत खेटे घालतात. सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा.